चीड हिमालयाचाच आहे

मे महिना आला आणि उत्तराखंडच्या वणव्यांची दृश्यं बातम्यांत दिसू लागली, की तो मजकूर पुन्हा फिरायला लागतो. यंदा माझ्याकडे तो चार गटांतून आला, त्यातले दोन ट्रेकिंगचे. मजकूर थोडक्यात असा : चीड, म्हणजे तो उंच, सरळसोट वाढणारा पाइन, मूळचा भारतातला नाहीच. इंग्रजांनी रेल्वेच्या स्लीपरांसाठी तो बाहेरून आणून हिमालयात लावला. त्याला ना फळ, ना चारा, उपयोग शून्य. तो जमिनीतलं पाणी ओढून झरे आटवतो, खाली काही उगवू देत नाही आणि दर उन्हाळ्यात डोंगर पेटवतो. म्हणून सगळा चीड तोडा, त्या जागी बांज, म्हणजे हिमालयातला ओक, लावा. शेवटी चिपको आंदोलनातल्या बायांची आठवण काढून मजकूर संपतो.

पाठवणाऱ्यांना डोंगरांची खरी कळकळ आहे, याबद्दल मला शंका नाही. म्हणूनच एका ओळीत झटकून न टाकता सविस्तर लिहितो आहे. या मजकुरात खरेपणाचे तुकडे आहेत, पण ते अशा तऱ्हेने जोडलेत की कुऱ्हाड भलत्याच ठिकाणी पडेल.

आधी "परदेशी" हा आरोप. झाडाचं शास्त्रीय नाव पायनस रॉक्सबर्घाय. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग याने लांब सुयांवरून त्याला "लाँगिफोलिया" म्हटलं होतं. ते नाव आधीच दुसऱ्या एका पाइनला दिलेलं निघालं, म्हणून १८९७ साली अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ सार्जंट याने रॉक्सबर्गच्या स्मरणार्थ आजचं नाव दिलं. युरोपीय माणसाचं नाव चिकटलं म्हणून झाड युरोपातलं होत नाही. चीड नैसर्गिकरीत्या वाढतो तो फक्त हिमालयाच्या पट्ट्यात : पाकिस्तानच्या डोंगरांपासून काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड, नेपाळ आणि पुढे भूतानपर्यंत, साधारण ५०० ते २००० मीटर उंचीवर.

आणि रॉक्सबर्गच्या कितीतरी शतकं आधी या झाडाला आपलं नाव होतं, सरल. अमरकोशात सरल आणि देवदारू या नोंदी वेगवेगळ्या आहेत. कुमारसंभवाच्या पहिल्याच सर्गात कालिदास हिमालयाचं वर्णन करताना सांगतो की हत्ती गंडस्थळाची खाज भागवायला सरलवृक्षांवर अंग घासतात, त्यातून चीक पाझरतो आणि त्याच्या वासाने डोंगरमाथे दरवळतात. त्याच सर्गात थोडं पुढे वाऱ्याने हलणारा देवदार वेगळा येतो. खोड खरवडलं की सुगंधी चीक गाळणारं झाड कवीने पाहिलं होतं किंवा पाहिलेल्यांकडून ऐकलं होतं, ते इंग्रजांच्या गलबतातून उतरलेलं नव्हतं. उत्तराखंडच्या कुमाऊं भागात आजही लोक चिडाला "सल्ल" म्हणतात, नेपाळीत "सल्लो". या शब्दांत "सरल" अजून ऐकू येतो. आयुर्वेदातही सरल आहे आणि त्याच्या राळेला श्रीवेष्टक हे वेगळं नाव आहे.

आपल्या मराठी गटांत हा गैरसमज लवकर रुजतो, याचं एक कारण मला दिसतं. सह्याद्रीत एकही पाइन मूळचा नाही. कोकणच्या किनाऱ्यावर आपण ज्याला पाइनसारखं समजतो तो सुरू मुळात पाइनच नाही, आणि तो खरोखर बाहेरून आणलेला आहे. उटी-कोडाईकॅनॉलला जाऊन आपण ज्या पाइनच्या रांगांत फोटो काढतो, ती लागवडही बाहेरच्या जातींची आहे आणि तिने तिथल्या शोला जंगलांचं, म्हणजे डोंगरघळींतल्या बुटक्या, दाट जंगलांचं, आणि गवताळ प्रदेशाचं नुकसान केलेलं आहे. तिथे "परदेशी पाइन" ही तक्रार अगदी रास्त. ती उचलून जशीच्या तशी कुमाऊंवर ठेवली की चूक होते.

रेल्वेची गोष्टही उलटी सांगितली जाते. चिडाचं लाकूड उघड्यावर, मातीला लागून फार टिकत नाही. सुरुवातीच्या स्लीपरांसाठी देवदार आणि साल हीच टिकाऊ झाडं पडली, आणि ती बेसुमार पडली. लाकडात तेलाचं औषध मुरवायची सोय झाल्यावर चिडाला त्या कामात भाव आला. मग राळेचा धंदा वाढला आणि वनखात्याने चिडाला झुकतं माप दिलं, हे मात्र खरं आहे. चाऱ्याचा, जळणाचा, शेणखताचा बांज खात्याच्या हिशेबात दुय्यम ठरला. १९११ ते १९१७ या काळात कुमाऊंची जंगलं राखीव झाली, गावकऱ्यांचे हक्क आवळले गेले, आणि १९२१ मध्ये बेगारीविरुद्ध उठलेल्या कुमाऊंत लोकांनी राळेसाठी राखलेली चिडाची जंगलं रागाने पेटवली. राग धोरणावरचा होता. इंग्रजांनी चीड आणला नाही, त्यांनी तो वाढवला आणि बांजाकडे पाठ फिरवली. या दोन वाक्यांत फार अंतर आहे, कारण पहिलं खरं मानलं तर उपाय तोडणी ठरतो आणि दुसरं मानलं तर धोरण बदलणं.

आता "उपयोग शून्य". हा मुद्दा वाचून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं, कारण चिडाची वस्तू वापरली नाही असं घर महाराष्ट्रातही सापडायचं नाही.

खोडावर खाच पाडली की जो चिकट चीक गळतो त्याला तिकडे "लीसा" म्हणतात. उन्हाळ्यात अल्मोडा किंवा टिहरीकडे जाणाऱ्या रस्त्याला खोडाखोडांवर कप लावलेले दिसतात, ते याचेच. लीसा तापवून ऊर्ध्वपातन केलं की दोन गोष्टी वेगळ्या होतात : उडून जातं ते टर्पेंटाइन, मागे उरते ती राळ. टर्पेंटाइन रंगाऱ्याच्या डब्यात असतं, छातीला चोळायच्या मलमात असतं. राळ कागदाच्या कारखान्यात लागते, म्हणजे शाई कागदावर फुटत नाही. ती साबणात, वार्निशात, डिंकात, छपाईच्या शाईत जाते. सारंगीच्या आणि व्हायोलिनच्या गजाला चोळतात तीही राळच. ती घासल्याशिवाय गजाचे केस तारेवरून नुसते घसरतात, सूर धरत नाही.

या झाडाचं एक नातं थेट पुण्याशी आहे. चिडाच्या टर्पेंटाइनमध्ये लाँगिफोलीन नावाचं संयुग असतं. नाव झाडाच्या जुन्या शास्त्रीय नावावरूनच आलं. त्याच्या रेणूची रचना इतकी गुंतागुंतीची की १९६१ साली अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ कोरी यांनी तो प्रयोगशाळेत बनवला, तेव्हा सेंद्रिय रसायनशास्त्रात ती मोठी गोष्ट ठरली. भारतात या संयुगावर आयुष्यभर काम केलं ते डॉ. सुख देव यांनी, आणि त्यांची महत्त्वाची वर्षं गेली पाषाण रोडवरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत. ज्या झाडाला आपण गटांवर निरुपयोगी ठरवतो, त्याच्या चिकातल्या एका रेणूने पुण्यातल्या संशोधकांना वर्षानुवर्षं काम पुरवलं.

डोंगरातल्या माणसाचा हिशेब आणखी वेगळा आहे. घराची तुळई, दारं, फळ्या चिडाच्या, पूर्वी सफरचंदाच्या पेट्याही. राळेने भरलेल्या लाकडाच्या ढलप्या वीज येण्याआधी मशालीसारख्या पेटवत. गळून पडलेल्या सुयांना तिकडे "पिरूल" म्हणतात. तो गोठ्यात गुरांखाली अंथरतात, शेणामुताने भिजला की त्याचं खत होतं. हल्ली त्याच्या विटा आणि टोपल्या करतात, त्यावर वीज तयार करायचे लहान प्रकल्पही निघाले. गुरांना पिरूल खाता येत नाही, इतकं मात्र मजकुरात बरोबर आहे. जाता जाता : चिलगोजे याच झाडाचे, असं सांगणारेही भेटतात. ते नव्हे. चिलगोज्याचा पाइन निराळा, तो किन्नौरसारख्या कोरड्या खोऱ्यांत होतो.

पाण्याचा आरोप गंभीर आहे, कारण झरे खरोखर आटत आहेत आणि त्याचा भार बायकांच्या डोक्यावरच्या हंड्यावर पडतो. बांजाखालची जमीन मऊ आणि काळी असते. पानं कुजून तिचा स्पंज होतो आणि पाऊस आत मुरतो. चिडाच्या सुया सावकाश कुजतात, आणि दर वर्षी आग लागली तर कुजायला काही उरतच नाही. उघड्या मातीवरून पाणी धावतं. म्हणजे चिडाच्या उतारावर पाणी कमी मुरण्याचं कारण पाचोळा आणि आग यांत आहे. चीड जमिनीतलं पाणी "पिऊन टाकतो" ही कल्पना झाडाच्या स्वभावाशीच जुळत नाही. तो कोरड्या, दक्षिणेकडे तोंड केलेल्या, ऊन खाणाऱ्या उतारांवर, पातळ मातीत तगतो. काटकसर केल्याशिवाय तिथे जगता येत नाही.

शिवाय झरा म्हणजे झाडाखालचा नळ नव्हे. पुण्याचीच अ‍ॅक्वाडॅम ही संस्था हिमालयातल्या झऱ्यांवर अनेक वर्षं काम करते आहे. झरे पुन्हा वाहते करण्याच्या सिक्कीमच्या धारा विकास कार्यक्रमातही तिच्या लोकांचा हात होता. त्यांच्या कामातून घ्यायची गोष्ट ही की झऱ्याला पाणी कुठून मिळतं ते खडकाच्या थरांचा कल आणि भेगा ठरवतात. गावाच्या वर जंगल दिसतं, पण झऱ्याचं पाणलोट कधी कधी डोंगराच्या पलीकडच्या अंगाला असतं. रस्त्यासाठी डोंगर कापला, नेमक्या त्या भेगांवर बांधकाम झालं, बोअर मारली, तर वर बांज असो की चीड, झरा जातो. हे न पाहता झाडं तोडली तर झरा परत येणार नाही आणि उतार मात्र उघडा पडेल.

"खाली काही उगवत नाही" याला फार वेळ द्यायची गरज नाही. पावसाळ्यानंतर चिडाच्या जंगलात जाऊन बघावं. गवत असतं, त्यावर गावची गुरं जगतात. किलमोडा, हिसालूची झुडपं असतात, काफळाची झाडं असतात. नेपाळच्या मधल्या डोंगरांत १९७०-८० च्या दशकांत उजाड उतारांवर चीड लावला गेला. संरक्षण मिळालेल्या ठिकाणी त्याच्या सावलीत चिलाउने, कटुस अशी रुंद पानांची झाडं आपणहून उगवली. जिथे खरंच काही उगवत नाही, तिथे आग आणि चराई दोन्ही दर वर्षी होत असतात.

उरला वणवा. इथे मजकूर सत्याच्या सगळ्यात जवळ जातो. पिरूल मुख्यतः एप्रिल ते जून या ऐन कोरड्या दिवसांत गळतो, त्यात राळ असते, आणि घोटाभर उंचीचा थर ठिणगी पडताच धावत सुटतो. जाड सालीमुळे मोठा चीड बहुधा वाचतो. बांज, काफळ, बुरांश या रुंद पानांच्या झाडांची रोपं वाचत नाहीत. चिडाचं आगीशी नातं जुनं आहे. मेघदूतातला यक्षसुद्धा ढगाला सांगतो की सरलांच्या फांद्या घासून लागलेला वणवा चमरी गाईंच्या शेपट्या जाळत असेल, तर धारा ओतून तो विझव.

पण घर्षणाने पेट घेण्याची गोष्ट काव्यातली. प्रत्यक्षात ठिणगी जवळजवळ नेहमी माणसाची असते : शेतातला पालापाचोळा जाळताना सुटलेली, नव्या गवतासाठी लावलेली, विडीची, कधी मुद्दाम. आणि थर एवढा का साचतो? गावं रिकामी झाली. गुरं गेली, म्हणून गोठ्यात अंथरायला पिरूल नेणारं कुणी उरलं नाही. हिवाळ्यात थोडं थोडं जाळून पट्टे मोकळे ठेवायची वहिवाट मोडली. १९८१ पासून १००० मीटरच्या वर हिरव्या झाडांच्या व्यापारी तोडीला बंदी आली, तिच्यामागचा हेतू चांगला होता, पण विरळणीही थांबली आणि चीड दाट झाला. २०१६ मध्ये भीमतालच्या तलावातून हेलिकॉप्टरने पाणी उचलावं लागलं. २०२४ च्या जूनमध्ये बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेले वनकर्मचारी होरपळून मेले. आगीशी झुंजायला जंगलात शिरणाऱ्या माणसांना नीट साधनं, गाडी, प्रशिक्षण, पुरेशी माणसं आहेत का, हा प्रश्न "चीड तोडा" म्हणण्याच्या आधी विचारायचा आहे.

शेवटचा मुद्दा, बांज लावण्याचा. बांज हवाच, याबद्दल माझा वाद नाही. पण चीड बांजाला मारून येत नाही. बांज खचला की रिकाम्या जागेत येतो. चाऱ्यासाठी फांद्या वर्षानुवर्षं छाटल्या, पाचोळा गोळा करून नेला, रोपं चरली गेली, जमिनीवर ऊन आलं, की वाऱ्याने उडत आलेलं चिडाचं पंख असलेलं बी तिथे रुजतं. ते कारण तसंच ठेवून चीड कापला, तर त्याच उन्हात बांजाचं रोप करपेल. सावलीच्या, ओलसर उत्तर उतारांवर चिडाची विरळणी करून खालच्या बांजाच्या रोपांना राखणं शक्य आहे, गावाच्या वनपंचायतीला ते जमतं. कोरड्या दक्षिण उतारांवर चिडाखेरीज फारसं काही धरत नाही. दोन्ही उतारांना एकच नियम लावणारा माणूस तो डोंगर चढलेला नाही.

आणि ज्या चिपकोचा दाखला मजकुरात दिला आहे, त्याची एक हकिकत पाठवणाऱ्यांना माहीत असावी. १९७७ साली टिहरीच्या हेंवलघाटीत गावकरी जंगलात गेले ते चिडाच्याच झाडांपाशी. लीशासाठी खोडांत ठोकलेले लोखंडी पत्रे त्यांनी उपटून काढले, आणि खोल जखमांवर माती थापून गोणपाटाच्या पट्ट्या बांधल्या.