शिट्टी नसलेले कोच

आमचे पीटीचे सर स्टाफरूममध्ये चहासुद्धा गळ्यात शिट्टी घालूनच प्यायचे. सरावात पाणी मागितलं की, 'आधी दोन राउंड मार, मग ढोस!' त्यामुळे जॉन गॅग्लियार्डी या अमेरिकन फुटबॉल कोचबद्दल वाचलं आणि मला सरांचीच आठवण आली.

१९४३ साल, कोलोरॅडोतलं ट्रिनिडाड. शाळेच्या फुटबॉल कोचना युद्धावर बोलावणं आलं आणि १६ वर्षांच्या जॉनने खेळता खेळता कोचिंगही अंगावर घेतलं. (हा अमेरिकन फुटबॉल बरं का, हेल्मेट घालून एकमेकांना आडवं पाडायचा.) पोराने पहिल्याच फटक्यात कवायत बंद केली आणि पाणी सुरू केलं. तेव्हा सरावात पाणी पिणारा म्हणजे नाजूक!

पुढे मोंटानात चार वर्षं काढून १९५३ मध्ये ते मिनेसोटातल्या सेंट जॉन्सला आले. ख्रिस्ती मठाचं छोटं कॉलेज. सुरुवातीला आइस हॉकीची टीमही त्यांच्याच गळ्यात. तिथे ते २०१२ पर्यंत राहिले. ६० सीझन, एकच मैदान!

त्यांच्याकडे शिट्टी नाही. सरावात टॅकल (म्हणजे आडवं पाडणं) नाही, ते फक्त मॅचमध्ये. कारण सरावातच पोरगं मोडलं तर शनिवारी खेळणार कोण? दीड तास झाला की घरी. कुणाला टीममधून काढायचं नाही. आणि 'कोच' म्हणायचं नाही, 'जॉन' म्हणायचं.

अशा लाडाने पोरं बिघडतात म्हणणाऱ्यांनी आकडा बघावा: ४८९ विजय. कॉलेज फुटबॉलमध्ये एवढे कुणाचेच नाहीत. 'छोट्या कॉलेजांत काय, कुणीही जिंकेल' हेही ऐकलंय. अहो, समोरचेही छोटेच होते की! छोट्या कॉलेजांची जी वेगळी डिव्हिजन असते, तिच्यात खेळाची स्कॉलरशिप कुणालाच नसते. तिच्या २००३ च्या फायनलला समोर माउंट युनियन कॉलेज होतं, सलग ५५ मॅच जिंकून आलेलं. सेंट जॉन्सने त्यांना २४-६ हरवलं. तेव्हा जॉन ७७ वर्षांचे होते.

माझ्या मते बहुतेक शिट्ट्या खेळाडूंसाठी नसतातच, वाजवणाऱ्यासाठी असतात. एवढे विजय डोळ्यांसमोर असूनही ही पद्धत सर्रास कुणी उचलली नाही, ती त्यामुळेच.

त्यांचा एक 'व्यायाम' तर मला फारच आवडला. पोरांनी गवतावर उताणं पडायचं आणि शेजारच्याला म्हणायचं, 'काय मस्त दिवस आहे ना?'

आमच्या सरांना हे सांगायला पाहिजे होतं. पण त्यांनी बहुतेक शिट्टीच फुंकली असती.