चार लाइनी, सहा फिरस्ते

खुर्चीत बसून विक्री होत नसते, असा साक्षात्कार साहेबांना एका सोमवारी झाला आणि मंगळवारी आमचे सहाही विक्रेते फिरतीवर गेले. गिऱ्हाइकांना हा साक्षात्कार झालेला नव्हता. ती बिचारी ऑफिसच्या जुन्याच नंबरावर फोन करत राहिली.

"त्यात काय! फोन आला की द्यायचा मोबाइलवर वळवून," साहेब म्हणाले. 'त्यात काय'नं सुरू होणारी कामं कुणाच्या टेबलावर येऊन पडतात, ते आमच्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. मला जरा जास्तच.

आमच्याकडे लाइनी चार. नंबर एकच, एक गुंतली की फोन पुढच्या लाइनीवर वाजतो. भिंतीवर ईपीएबीएक्सचा डबा, म्हणजे ऑफिसातले फोन आपसांत आणि बाहेरच्या लाइनींना जोडून देणारं यंत्र, माझ्यासमोर त्याचा बटणांचा फोन आणि त्यावर चार लाल दिवे. पहिला फोन आला, मी "एक मिनिट हं" म्हणून ट्रान्सफरचं बटण दाबलं, विक्रेत्याचा मोबाइल लावला, पलीकडून 'हॅलो' आलं, मी रिसीव्हर ठेवला. झालं की! मग दिव्यांकडे लक्ष गेलं. ऑफिसात कुणीही फोनवर बोलत नव्हतं आणि दिवे मात्र दोन लागलेले.

गोष्ट साधी, पण माझ्या डोक्यात शिरायला दुपार झाली. आतल्या खुर्चीवरच्या माणसाला फोन दिला तर बाहेरची एकच लाइन अडते. मोबाइलवर दिला की गिऱ्हाईक एका लाइनीनं आत येतं, दुसऱ्या लाइनीनं बाहेर जातं आणि डबा दोघांचे हात धरून मध्ये उभा राहतो. म्हणजे चार लाइनींत गिऱ्हाइकं दोनच. तिसऱ्याला एंगेज.

कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एरलांग नावाचा एक गणिती होता. लाइनी किती असल्या म्हणजे किती जणांना एंगेज लागेल, याचं सूत्र त्यानं १९१७ साली मांडून ठेवलंय. साहेब मीटिंगमध्ये असताना मी ते आमच्यावर लावून पाहिलं. तासाला २० फोन, प्रत्येकी सरासरी ३ मिनिटं. चार लाइनी असतील तर शंभरात दीड जणाला एंगेज. दोनच असतील तर शंभरात वीस जणांना! लाइनी निम्म्या झाल्या तर त्रास फार तर दुप्पट होईल, असा साहेबांचा हिशेब होता. तो तेरापट होत होता. मी कागद पुढे केला. त्यांनी तो नीट वाचला आणि विचारलं, "१९१७ साली मोबाइल होते का?"

त्यातून डबा स्वभावानं भोळा. आपल्या एक्स्टेंशनवरचा रिसीव्हर ठेवला की त्याला कळतं. पण दोन्ही माणसं बाहेरची असली आणि लाइनी जुन्या पद्धतीच्या असल्या, तर दोघं कधी ठेवून गेले हे त्याला कळेलच असं नाही. एकदा अर्धा तास दोन दिवे विझेनात, म्हणून मी लाइन ऐकली. एका बाजूनं टूं टूं, दुसऱ्या बाजूनंही टूं टूं, ताल किंचित चुकलेला. दोन लाइनी एकमेकींशी अगदी जिवाभावाचं बोलत होत्या. मेकॅनिकनं येऊन, वळवलेला प्रत्येक फोन दहा मिनिटांनी आपोआप तुटेल अशी सोय करून दिली. त्यानंतरची पहिली मोठी ऑर्डर नवव्या मिनिटापर्यंत छान चालली होती म्हणे.

विक्रेत्यांची तक्रार वेगळीच. वळवलेल्या फोनवर त्यांना गिऱ्हाइकाचा नंबर दिसायचाच नाही, ऑफिसचा दिसायचा. म्हणजे मीच. गर्दीच्या वेळी मी 'हॅलो'ची वाट न बघता फोन सोडून द्यायचो, आणि एका जुन्या, प्रतिष्ठित गिऱ्हाइकाचं स्वागत "बोल रे, काय म्हणतोय आपला हिटलर?" असं झालं.

आणि मग गुरुवार उजाडला. एका गृहस्थांचा फोन पहिल्या लाइनीवर आला. मी दुसरीवरून विक्रेत्याला दिला. विक्रेता रेंजच्या बाहेर. पण फोन चुकायला नको म्हणून त्या शहाण्यानं आपला मोबाइल ऑफिसच्या नंबरावर डायव्हर्ट करून ठेवलेला. लगेच तिसरी लाइन वाजली.

"नमस्कार, बोला."

"अहो, आत्ता तुम्हीच होतात ना?" आवाज विहिरीतून आल्यासारखा. इतक्या तारा ओलांडून येताना तो झिजला होता.

"नाही हो, आपण आत्ताच लागलात. जरा मोठ्यानं बोला." असं म्हणून मी त्यांना चौथ्या लाइनीवरून दुसऱ्या विक्रेत्याकडे धाडलं. तोही रेंजबाहेर, आणि तोही पहिल्याइतकाच शहाणा. त्याच्या मोबाइलनं ऑफिसचा नंबर फिरवला. चारही दिवे लागलेले. म्हणजे आमच्या चारही लाइनी एकट्यानं अडवून बसलेल्या त्या गृहस्थांना आमचाच एंगेज टोन ऐकू आला. त्यांचा फोन पुन्हा आला नाही. आला असता तरी लागला नसता.

उपाय शोधले, नाही असं नाही. टेलिफोन कंपनीच्या एक्सचेंजमधूनच फोन वळवता येतो, मग आमची लाइन अडतच नाही. पण वळवायचा एकाच नंबरावर. तो एक नंबर कुणाचा, यावर सहा विक्रेत्यांत जे काही झालं, त्यानंतर तो विषय साहेबांनीच बंद केला. शेवटी मी वही काढली. फोन आला की नाव, नंबर, काम लिहून घ्यायचं आणि विक्रेत्यानं आपल्या मोबाइलवरून उलटा फोन करायचा. अर्ध्या मिनिटात लाइन मोकळी. आठवडाभर मी ऑफिसात विद्वान म्हणून वावरलो.

काल साहेब स्वतः फिरतीवर गेले. दुपारी माझ्या मोबाइलवर त्यांचा फोन. "अरे, ऑफिस लागत का नाहीये?"

मी पाहिलं. चार दिवे, चार लाइनी, चारही लाइनींवर आमचेच विक्रेते: "माझ्यासाठी काही फोन?" उरलेले दोघं एंगेज ऐकत असणार.

"एक मिनिट हं," मी साहेबांना म्हटलं आणि सवयीनं मोबाइलवर ट्रान्सफरचं बटण शोधायला लागलो.