खुर्ची आणि खडूच्या खुणा

नव्याने भयकथा लिहिणाऱ्यांचं लेखन मी आवडीने वाचते, पण एक गोष्ट सारखी खुपते. दुसऱ्याच परिच्छेदात किंकाळी, तिसऱ्यात रक्त, चौथ्यात प्रेत उठून बसलेलं. मग पुढे चढायचं कुठे? वाचक दचकतो आणि विसरतो. धास्ती मुरावी लागते.

माझं मत सांगते. भीती वाढवायची तर घटना मोठ्या करत बसू नका. पात्राकडे असलेली साधी कारणं एकेक करून काढून घ्या.

एक बाई आहे. सकाळी उठते तर टेबलाजवळची खुर्ची जराशी भिंतीकडे वळलेली. ‘रात्री माझाच धक्का लागला असेल.’ दुसऱ्या दिवशीही तेच. आता मनात पाल चुकचुकते. झोपण्याआधी ती खुर्ची सरळ करते आणि चारही पायांभोवती खडूने खुणा करते. सकाळी पाय खुणांच्या आत, अगदी चपखल. तिला हायसं वाटतं. चहाचं आधण ठेवते, गुणगुणते. इथे थांबा, घाई करू नका. कप हातात घेऊन ती वळते तेव्हा दिसतं, खुर्ची भिंतीकडेच वळलेली आहे. खुणाही तिच्याबरोबर सरकल्या आहेत.

कोणी दिसलं नाही, रक्ताचा थेंब नाही. पण ‘धक्का लागला असेल’ म्हणायची सोय संपली. शिवाय जे काही आहे, त्याला तिची पाळत कळली आहे.

मधलं ते चहाचं आधण लोक गाळतात, याची मला खरंच हळहळ वाटते. सतत ताणलेलं मन बधिर होतं. सैल सोडलेल्या मनालाच पुढचा पीळ जाणवतो. इंग्रज लेखिका ॲन रॅडक्लिफ यांचा एक लेख त्यांच्या मृत्यूनंतर, १८२६ साली छापून आला. त्यात त्यांनी भयाचे दोन प्रकार सांगितले आहेत: एक मनाच्या शक्ती जाग्या करतं, दुसरं त्या गोठवून टाकतं. पहिलं येतं ते अस्पष्टतेतून. मला ते दोनशे वर्षांनंतरही तंतोतंत पटतं.

आणि हो, ही बाई घर सोडून का जात नाही, हे वाचक विचारणारच. त्याचं उत्तर पहिल्या पानावर, भीतीचा मागमूसही नसताना, सहज सांगून ठेवा: आतल्या खोलीत तिची आई आहे, अंथरुणाला खिळलेली. मग खुणा सरकलेल्या दिसल्या की वाचक खुर्चीकडे बघतच नाही. त्याचं लक्ष त्या आतल्या दाराकडे जातं.