सेबेनच्या आधीची पाच मिनिटं

गेल्या आठवड्यात भाच्यानं एक रील पाठवलं. काँगोतल्या रुंबाचं गाणं, गिटार सुसाट सुटलेली, पोरंपोरी कंबर हलवतायत आणि खाली त्याचा प्रश्न, 'मामा, तू ऐकतोस ते हेच का?' हो, हेच. पण त्या रीलमध्ये गाण्याचा शेवटचा तुकडा तेवढा होता, आधीचं सगळं कापलेलं. त्याला दोन ओळींत उत्तर द्यायला बसलो आणि ही पोस्ट झाली.

औषधांच्या धंद्यात असल्यामुळे मी तीन वर्षं काँगोच्या राजधानीत, किन्शासात होतो. सुरुवातीला मलाही ही गाणी एकसारखी वाटायची. आठ-आठ, दहा-दहा मिनिटांची, संपतच नाहीत. आमच्या गाडीचे ड्रायव्हर वयानं मोठे, म्हणून तिकडच्या रीतीप्रमाणे सगळे त्यांना 'पापा' म्हणत. एका रविवारी पापा मला मातोंगेत घेऊन गेले. गाण्याबजावण्यासाठी सगळ्या शहरात नावाजलेली ही वस्ती. रस्त्यालगत प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबलावर बिअरच्या मोठ्या बाटल्या आणि स्पीकरवर फ्रँको, तिथला नावाजलेला गायक-गिटारवादक. ठेका अंगात भिनला म्हणून मी उठायला लागलो, तर पापांनी मनगट धरून खाली बसवलं. म्हणाले, "अजून नाही."

गाणं संथ चाललं होतं. दोन-तीन जोडपी एकमेकांना धरून जागच्या जागी डोलत होती. बाकीचे बसून शब्द ऐकत होते, एखाद्या ओळीला 'अगदी खरंय' अशी मान हलवत होते. मग पाचेक मिनिटांनी गायक मागे सरले, गिटारींनी गाणं ताब्यात घेतलं आणि अख्खी गल्ली उभी राहिली. गाण्याच्या या भागाला सेबेन म्हणतात.

सेबेनमध्ये नक्की काय होतं ते कळायला मला वर्ष लागलं. गिटारी तीन. एक खाली ठेका धरून राहते. दुसरी मधली, तिला 'मी-सोलो' म्हणतात, ती चार-सहा सुरांचं एक वळण न थकता फिरवत राहते. तिसरी वरच्या सुरांत खेळते. एकेक वेगळी काढून ऐकली तर फार अवघड काही वाजत नसतं. पण वेणीच्या तीन पेडांसारख्या त्या एकमेकींत शिरतात आणि कुठला सूर कुणाचा हे सांगता येत नाही. बेस गिटार मधूनच गप्प बसते, मग एकदम उडी मारून येते. पाय हलतात ते त्या उडीमुळे.

हे संगीत आलं कुठून, ती गोष्टही ऐकण्यासारखी आहे. 1930च्या दशकात एचएमव्हीच्या क्यूबन गाण्यांच्या तबकड्या काँगो नदीकाठच्या बंदरांत पोचल्या. गुलामांच्या जहाजांतून अटलांटिकपार गेलेला आफ्रिकेचा ताल लाखेच्या तबकडीवर बसून घरी परत आला, आणि तो लोकांनी लगेच ओळखला. स्पॅनिश कळत नव्हतं, म्हणून लिंगाला भाषेत गाणी रचली. 1948 मध्ये वेंडो कोलोसोयनं आंरी बोवानेच्या गिटारीवर 'मारी-लुईझ' गायलं. ते मध्यरात्री वाजवलं तर मेलेली माणसं उठून बसतात अशी वदंता होती. जानेवारी 1960 मध्ये ब्रसेल्सला बेल्जियमशी काँगोच्या स्वातंत्र्याच्या वाटाघाटी चालू असताना जोसेफ काबासेलेच्या 'आफ्रिकन जाझ' या बँडनं तिथेच 'आँदेपाँदाँस चा चा' (म्हणजे 'स्वातंत्र्य चा चा') गायलं, आणि ते पुढे आफ्रिकेतल्या कितीतरी देशांचं गाणं झालं. देश जन्मायच्या आधी त्याचं नाचाचं गाणं तयार होतं! मला अजूनही याचं भारी अप्रूप वाटतं.

पुढे दर दहा-पंधरा वर्षांनी पोरांनी काहीतरी मोडलं आणि थोरांनी कपाळाला हात लावला. 1969 साली 'झाइको लांगा लांगा' हे बँडवाले आले, त्यांनी सॅक्सोफोन-ट्रम्पेट घरी पाठवले आणि ड्रम पुढे आणला. ऐंशीच्या दशकात आरोळ्या देऊन नाचणाऱ्यांना पेटवणारे 'अतालाकू' आले. नव्वदीत न्दोम्बोलो हा कंबरेचा नाच आला, तो अश्लील म्हणून काही देशांत त्यावर बंदीही आली. यातल्या कशाबद्दलच माझी तक्रार नाही. सेबेन दर वेळी अधिक धारदार होत गेलं.

तक्रार आहे ती संथ भाग कापण्याबद्दल. पॅरिसला गेलेल्या गायक कांडा बोंगो मॅननं ऐंशीच्या दशकात गाण्याचा तो अर्धा भाग जवळजवळ काढून टाकला आणि थेट सेबेनला हात घातला. सोबत दिब्लो दिबालाची गिटार, म्हणजे विजेचा प्रवाहच. सुकूस नावाचं हे वेगवान संगीत जगभर गाजलं, मीही त्यावर मनसोक्त नाचलोय. तिथल्या नाचणाऱ्यांना लिंगाला येत नव्हती, मग शब्दांसाठी ते कशाला थांबतील? कारण समजतं, पण नुकसान मोठं झालं. विलंबित न ऐकता एकदम द्रुत ऐकायला बसण्यासारखं आहे ते.

फ्रँकोचं 1985 सालचं 'मारिओ' घ्या. चौदा मिनिटांचं गाणं. मोठ्या वयाच्या पैसेवाल्या बाईच्या जिवावर जगणाऱ्या एका तरुणाची कहाणी. पापा मला गाडीत एकेक ओळ फ्रेंचमध्ये समजावून सांगायचे आणि सांगता सांगता चिडायचे, जणू मारिओ त्यांचा पुतण्या आहे. ती कहाणी ऐकून झाल्यावर सेबेन सुरू होतं तेव्हा नाचणारा माणूस काहीतरी उरात घेऊन नाचत असतो. नुसता व्यायाम नसतो तो.

आणखी एक गोष्ट मला खुपते. पैसे देणाऱ्याचं नाव गाण्यात घ्यायचं, याला 'लिबांगा' म्हणतात. काही नवीन गाण्यांत प्रेमाच्या ओळींपेक्षा व्यापाऱ्यांची नि पुढाऱ्यांची नावं जास्त. गाण्याच्या विक्रीवर पोट भरत नाही, म्हणून कलाकाराला दोष देववत नाही, पण कानाला टोचतं.

डिसेंबर 2021 मध्ये युनेस्कोनं काँगोली रुंबाला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतलं, नदीच्या दोन काठांवरच्या, काँगो नावाच्या दोन्ही देशांच्या नावे. मला त्याहून जास्त आनंद आजचा लोकप्रिय गायक फाली इपुपा आजही संथ रुंबा गातो आणि विशीतली पोरं तो ऐकतात याचा होतो.

माझ्या शेवटच्या महिन्यात पुन्हा मातोंगेत बसलो होतो. गाणं ऐन मध्यावर, सेबेन यायला अर्धा मिनिट असेल, आणि वीज गेली. स्पीकर बंद, सगळीकडे अंधार. एक बाई उरलेल्या ओळी तशाच पुढे गाऊ लागली, मग शेजारचं टेबल, मग सगळेच. कडवं संपलं. क्षणभर शांतता, आणि कोपऱ्यातल्या कुणीतरी तोंडानं मी-सोलोचं ते वळण धरलं. दुसऱ्यानं त्यात वरची गिटार मिसळली. कुणी बाटलीवर चमचा वाजवायला लागलं.

अंधारात खुर्च्या मागे सरकल्याचा आवाज आला. पापांनी मला कोपरानं ढोसलं, "ऊठ आता."