जोड कुटुंबातला नायक कोण?

काल कट्ट्यावर जॉन स्टाइनबेक यांच्या १९३९ सालच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ या कादंबरीवरून वाद रंगला. दुष्काळ, धूळ आणि बँकेचे ट्रॅक्टर यांनी ओक्लाहोमातल्या जमिनीवरून उठवलेले जोड आडनावाचे कुटुंब जुन्या मोटारीचा ट्रक करून ६६ क्रमांकाच्या महामार्गाने कॅलिफोर्नियाला निघते, हे सर्वांनी वाचलेलेच होते. पण या घरात नायक म्हणावे असे कोण, यावर एकमत होईना.

एका मित्राचा कौल कुटुंबाबरोबर निघालेल्या माजी धर्मोपदेशक जिम केसीला होता. घरातला मुलगा टॉम पॅरोलवर आहे, तो सापडला तर पुन्हा तुरुंगात जाईल, म्हणून केसी स्थलांतरितांच्या छावणीतल्या झटापटीचा आळ स्वतःवर घेतो आणि पुढे पीच तोडणाऱ्या मजुरांना पेटीमागे अडीच सेंट देऊ करणाऱ्या मालकांविरुद्धच्या संपात प्राण गमावतो. दुसऱ्याने टॉमची बाजू घेतली. केसी पहिल्यापासून विचारी आहे, टॉम मात्र आपल्यापुरते पाहता पाहता सगळ्यांसाठी लढायला निघतो, असे त्याचे म्हणणे होते.

माझे मत टॉमच्या आईकडे होते. वाळवंट ओलांडताना तपासणी नाक्यावर अधिकारी सामान उतरवायला सांगतात, तेव्हा आई घरातली म्हातारी आजी आजारी असल्याचे सांगून गाडी सोडवते आणि उजाडल्यावर, दरी दिसल्यावरच कळते की म्हातारी नाक्याआधीच गेली होती आणि ही रात्रभर त्या प्रेताशेजारी पडून होती.

“आईने सोसले की तिला थोर म्हणायचे, ही आपली जुनी खोड आहे,” आमची मैत्रीण म्हणाली. “त्यात तिच्या सोसण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न बाजूलाच राहतो.”

आक्षेप रास्त होता. तरीही मला वाटते, तिची थोरवी नुसत्या सोसण्यात नाही. गाडी बिघडल्यावर पुरुष कुटुंबाची फाटाफूट करायला निघतात, तेव्हा ती हातात जॅकचा दांडा घेऊन उभी राहते आणि पुरुषांना माघार घ्यावी लागते. त्याहून मला छावणीतले कालवणाचे भांडे महत्त्वाचे वाटते. भोवती अनोळखी, उपाशी पोरे टक लावून उभी आहेत, घरच्यांनाच पुरेल की नाही याची तिला खात्री नाही. ती घरच्यांना ताटे घेऊन तंबूत पाठवते आणि उरलेले भांडे पोरांपुढे सोडते. आपण बरोबर करतो आहोत का, हे तिचे तिलाच उमगत नाही. ‘आपली माणसे’ या शब्दांची हद्द इथे वाढते, तीही चाचरत, मनाविरुद्ध, आणि म्हणूनच मला ती खरी वाटते.

“मग शेवटच्या कोठाराचे काय?” मैत्रिणीने विचारले. कादंबरीभर स्वतःच्याच दुखण्याखुपण्यात गुंतलेली टॉमची बहीण रोझ ऑफ शॅरन मृत बाळाला जन्म दिल्यावर उपासमारीने मरायला टेकलेल्या परक्या माणसाला आपले दूध पाजते. हे बीज आईचेच, कारण दोघी एकमेकींकडे पाहतात आणि मगच मुलगी हो म्हणते, असे मी म्हणालो.

“आईने नुसते पाहिले,” ती म्हणाली, “हो म्हणणे मुलीचे होते.”

यावर मला उत्तर सुचले नाही.