धरणातून वाफ निघते म्हणजे पाणी गरम असतं असं नाही

दिवाळी सरली, भरताची वांगी बाजारात आली, गारठा पडू लागला, की खान्देशातल्या गळवाल्यांच्या ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरायला लागतो. हतनूर, वाघूर, गिरणा किंवा उकई धरणाच्या फुगवट्यावर मासेमारीला कायाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी अरुंद होडी, घेऊन जाणाऱ्यांना त्यात साधारण असा सल्ला असतो: "परदेशी व्हिडिओ बघून पैसे उडवू नका. आपल्याकडचं पाणी थंड नसतंच, पहाटे धरणातून वाफा निघतात त्या काय उगाच? जाड जीन्स, स्वेटर, वरून रेनकोट, पायात गमबूट, गळ्याला मफलर, बस्स. पोहता येत असेल तर लाइफ जॅकेट मागे बांधून ठेवलं तरी चालतं. भिजलातच तर काठावर शेकोटी आणि दोन घोट."

लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल. पण यातलं एकच वाक्य अर्धं बरोबर आहे, बाकीची चुकीची आहेत आणि त्यातली दोन जीव घेऊ शकतात.

"धरणातून वाफा निघतात"

हे पटकन पटतं, कारण ते डोळ्यांना दिसतं. पौषातल्या पहाटे हवा ८-९ अंशांवर उतरते, धरणाचं पाणी मात्र १८ ते २० अंशांच्या आसपास असतं. पाण्यालगतची दमट हवा वरच्या थंड हवेत मिसळली की बाष्पाचे बारीक थेंब होतात आणि तीच आपल्याला वाफ दिसते. त्यावरून एवढंच कळतं की पाणी हवेपेक्षा गरम आहे. तुमच्या कातडीचं तापमान ३३-३४ अंश असतं, म्हणजे ते पाणी तुमच्यापेक्षा १४-१५ अंशांनी थंडच असतं. शिवाय पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं. १९ अंशांच्या हवेत माणूस सदऱ्यावर आरामात बसतो, १९ अंशांच्या पाण्यात त्याचे दात वाजतात.

या समजाचं मूळ विहिरीत आहे. पहाटे मोटर सुरू केली की पाइपातून कोमट पाणी येतं, त्याखाली आंघोळ करायलाही बरं वाटतं. पण ते जमिनीखालचं पाणी. त्याचं तापमान वर्षभराच्या सरासरीजवळ राहतं, आपल्या भागात २६-२७ अंश. धरणाचं पाणी रात्रभर उघड्या आभाळाखाली पडून असतं आणि वाऱ्याने ढवळलं जातं. विहिरीच्या अनुभवावरून धरणाचे कपडे ठरवले की चूक होणारच.

दुसरी गोष्ट, पाणी उशिरा थंड होतं आणि उशिराच तापतं. मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या यात्रेत अंगावर शाल लागते, तेव्हा पाणी अजून पुरतं उतरलेलं नसतं. उलट माघ संपता संपता दुपारी ३२-३३ अंशांचं ऊन लागतं, लोक बनियनवर येतात आणि पाणी अजून जवळपास पौषातलंच असतं. हवेकडे बघून कपडे ठरवणारा माणूस सगळ्यात जास्त फसतो तो याच दिवसांत. म्हणून पाणी मोजा. फिशटँकच्या दुकानात मिळणारा काचेचा थर्मामीटर दोरीला बांधून फूटभर खोल सोडा, तीन मिनिटांनी वर काढा आणि लगेच वाचा. धरणाच्या तळाच्या दरवाजातून सोडलेलं पाणी उन्हाळ्यात वरच्या पाण्यापेक्षा थंड असू शकतं. भिंतीखाली नदीत कायाक टाकणार असाल तर तिथलं वेगळं मोजा.

१९-२० अंशांच्या पाण्यात माणूस दहा मिनिटांत गारठून मरत नाही. तशी भीती घालणंही खोटं आहे. धोका दुसरीकडे आहे. अचानक पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो आणि धाप लागते. हा झटका १० ते १५ अंशांच्या पाण्यात सगळ्यात तीव्र असतो, पण पाणी २५ च्या खाली उतरलं की तो सुरू होऊ शकतो. तोंड पाण्याखाली असताना तो एक श्वास घेतला की पाणी थेट छातीत जातं. यातून सुटलात तर पुढे हात शिथिल होत जातात. आणि कायाकवर परत चढल्यावर ओल्या अंगाने, वाऱ्याला तोंड देत दीड-दोन किलोमीटर वल्हवायचं असतं. आपल्याकडे माणूस खरा गारठतो तो या शेवटच्या टप्प्यात, आणि तिथे सगळा हिशेब कपड्यांचाच असतो.

"जाड जीन्स, स्वेटर"

जीन्स सुती असते. सुती धागा पाणी नुसतं धरून ठेवत नाही, पिऊन घेतो. धाग्यांमधल्या ज्या हवेमुळे ऊब राहते तिची जागा पाणी घेतं. मग वारा लागला की ते पाणी उडू लागतं, आणि एक लिटर पाणी उडायला लागणाऱ्या सुमारे ५८० किलोकॅलरींपैकी बराच वाटा तुमच्या अंगातून जातो. उन्हाळ्यात डेऱ्यावर ओलं फडकं टाकून पाणी गार करतो, तेच इथे आपल्या मांड्यांवर चाललेलं असतं.

घरीच पडताळून बघा. जीन्स कोरडी असताना तोला, मग बादलीत बुडवून, पिळून, टपटप थांबेपर्यंत टांगा आणि पुन्हा तोला. वजन दुपटीच्या आसपास गेलेलं दिसेल. खेळाच्या पॉलिस्टर पँटचं तेच करा, ती पिळल्यावर जवळपास हलकी होते आणि वाऱ्यावर अर्ध्या-पाऊण तासात सुकते.

दुकानात 'थर्मल' म्हणून मिळणारे बरेच इनर सुती किंवा अर्धे सुती असतात, त्यामुळे लेबल वाचा. लेबल नसेल तर शिवणीच्या आतला एक धागा ओढून काडीने पेटवा. सुती धागा कागदासारखा जळून भुरकट राख होते, पॉलिस्टर वितळून काळी टणक गोळी होते. लोकरीला केस जळल्याचा वास येतो. लोकर चालते, कारण ती भिजूनही थोडी ऊब धरते, पण ती जड होते आणि सावकाश सुकते. बाजारात 'वुलन' म्हणून विकले जाणारे स्वेटर पुष्कळदा ॲक्रिलिकचे असतात. ते पाणी पीत नाहीत हे ठीक, पण विणीतून वारा आरपार जातो आणि तिकाट्या गळाचं एक टोक अडकलं की सोडवताना दुसरं बोटात जातं. मासेमारीला वरचा थर गुळगुळीत कापडाचाच हवा.

आता उलट बाजूचा एक गैरसमज. "जीन्स पाण्यात खाली ओढते" असं तिच्या विरोधात बोलणारे सांगतात, तेही खरं नाही. कापडातल्या पाण्याला पाण्यात वजन नसतं. जीन्समुळे पाय मारणं जड जातं, आणि खरी अडचण अंग पाण्याबाहेर काढताना येते. कायाकवर छातीने चढायचं त्या क्षणी जीन्स, स्वेटर आणि बुटांतलं पाणी मिळून चार-पाच किलो जादा भार होतो. कोरड्या कपड्यांत पहिल्या झटक्यात जमणारी चढाई तिसऱ्या प्रयत्नातही जमत नाही आणि प्रत्येक प्रयत्नाला दंडातली ताकद कमी होत जाते.

मग घालायचं काय? पाणी २५ च्या वर असेल तर पूर्ण बाह्यांची पॉलिस्टर जर्सी आणि तशीच पँट पुरे. २० ते २५ मध्ये आत अंगासरशी पॉलिस्टर, त्यावर पातळ फ्लीस, म्हणजे मऊ लवदार पॉलिस्टरचं उबदार कापड, आणि वर वारा अडवणारं विंडचीटर. खाली निओप्रीनची, म्हणजे फोमसारख्या रबराची, अर्धी चड्डी घ्या, कारण उघड्या बैठकीच्या कायाकमध्ये पाणी निचरायला ठेवलेल्या तळाच्या भोकांतून पाणी वर येतं आणि बूड सकाळभर ओलंच राहतं. १५ ते २० मध्ये ३ मिलिमीटरचा, निदान बिनबाह्यांचा आणि पूर्ण पायांचा वेटसूट, म्हणजे पाण्यात घालायचा निओप्रीनचा पोशाख, घ्यावा. पौष-माघातली आपली धरणं बहुतेक इथेच बसतात. वेटसूट अंगाला चिकटून हवा. त्याची ऊब निओप्रीनमधल्या हवेच्या बुडबुड्यांतून आणि आत अडकलेल्या पाण्याच्या पातळ थरातून येते. सूट सैल असेल तर प्रत्येक हालचालीला ते पाणी बदलतं आणि तुम्ही नवंनवं थंड पाणी तापवत बसता. कमरेच्या मागे मूठभर पोकळी राहत असेल तर एक माप लहान घ्या.

ऊन चढल्यावर वेटसूटमध्ये उकडतं, ही तक्रार रास्त आहे. त्यासाठी वरची चेन छातीपर्यंत उघडा, टोपी भिजवा, बाह्यांवर पाणी मारा. थर काढायचाच असेल तर काठाला लागून काढा. मध्यभागी जॅकेट सोडून डोक्यातून स्वेटर ओढणारा माणूस त्या दहा सेकंदांत आंधळाही असतो आणि त्याचे हातही अडकलेले असतात.

"वरून रेनकोट"

वारा अडतो एवढा त्याचा गुण. पण घेरदार रेनकोट किंवा पोंचो पाण्यात फुगतो, तोंडावर येतो आणि हात वर काढू देत नाही. मनगटाला पट्टी, कमरेला नाडी असलेलं आखूड विंडचीटर घ्या आणि ते लाइफ जॅकेटच्या आत घाला. वर घातलं तर जॅकेटची चेन आणि शिट्टी वेळेला सापडत नाही.

"पायात गमबूट"

चिखलाच्या काठासाठी गमबूट ठीक, कायाकवर नकोत. पाण्यात गेल्यावर एका बुटात दीड-दोन लिटर पाणी शिरतं, पाय मारला तरी पुढे सरकणं होत नाही आणि घट्ट बूट पाण्यात निघत नाही. मागे पट्टा असलेली सँडल किंवा जुने कॅनव्हासचे बूट घाला. गाळात रुततात म्हणून नाडी आवळून बांधा, पण टोकं आत खोचा, कारण लोंबत्या नाडीत दोरा गुंततो.

"गळ्याला मफलर"

मफलर नको. त्याची टोकं वल्ह्यात, दोऱ्यात, गळात अडकतात. माकडटोपी बरी. डोक्यातून अंगातली निम्मी ऊब जाते असंही याच मजकुराच्या शेपटाला कोणीतरी जोडलेलं असतं. डोक्याचा वाटा सुमारे १० टक्केच आहे. टोपी घाला, पण तिच्या भरवशावर छाती उघडी ठेवू नका. हातांचा मात्र या मजकुरात उल्लेखच नाही आणि सकाळी काम पहिल्यांदा बोटंच सोडतात. अंगठा आणि दोन बोटं उघडी असलेले पातळ निओप्रीनचे हातमोजे घ्या, म्हणजे गाठही मारता येते.

"पोहता येत असेल तर जॅकेट मागे बांधून ठेवा"

या मजकुरातलं सगळ्यात घातक वाक्य हेच. आपल्याकडे बहुतेक जण पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकले. तिथे उडी आपण ठरवून मारतो, श्वास भरून घेतो, पाणी कोमट असतं आणि काठ चार हातांवर असतो. कायाक उलटते ती मासा सोडवताना, एका बाजूला झुकलेलं असताना, तोंड उघडं असताना. त्या पहिल्या मिनिटात पोहणं कामी येतच नाही, कारण श्वास ताब्यात नसतो. ते मिनिट तोंड पाण्यावर धरण्याचं काम जॅकेटच करतं. मागे बांधलेलं जॅकेट पाण्यात असताना सोडून घालणं धडधाकट माणसालाही अवघड जातं.

घेताना तरंगण्याची ताकद बघा. मोठ्या माणसाला निदान ५० न्यूटन, म्हणजे सुमारे पाच किलो भार तोलण्याइतकी, हवी आणि जॅकेटच्या आतल्या पट्टीवर ती छापलेली असते. सगळे थर अंगावर असताना माप घ्या. बंद आवळून कोणालातरी खांद्यापाशी धरून वर उचलायला सांगा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते पाण्यात डोक्यावरून निघून जाईल. आतला फोम दाबला आणि दबलेलाच राहिला, तर ते जॅकेट बाद. रंग नारिंगी किंवा पिवळा घ्या, धरणाच्या हिरवट पाण्यावर निळा दिसत नाही. खांद्याच्या पट्टीला शिट्टी आणि दोरा कापायला बोथट टोकाची सुरी बांधा. मोबाइल पाणीबंद पिशवीत घालून जॅकेटलाच अडकवा. कायाकला बांधला तर कायाकसोबत वाऱ्याने निघून जाईल.

"परदेशी व्हिडिओ बघून पैसे उडवू नका"

इथे मजकूर अर्धा बरोबर आहे. त्या व्हिडिओंतला ड्रायसूट, म्हणजे मानेला आणि मनगटाला रबरी पट्ट्या असलेला पाणीबंद पोशाख, ५-१० अंशांच्या पाण्यासाठी आहे. तो स्वतः ऊब देत नाही, आत फ्लीस घालावं लागतं. हतनूरला माघी दुपारी तो घातला तर घामाने जीव नकोसा होईल. ट्राउट माशासाठी हिमाचलात किंवा काश्मीरात बर्फाच्या पाण्यावर कायाक नेणार असाल तर मात्र तोच लागतो, तिथे आपला ३ मिलिमीटरचा सूट पुरणार नाही.

"शेकोटी आणि दोन घोट"

दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या पसरतात, त्यामुळे गरम वाटतं. पण आतली ऊब त्याच वाटेने बाहेर जाते आणि मेंदूही सुस्त होतो. गारठलेल्या माणसाला दारू देऊ नये, हातपाय चोळू नयेत, ओल्या कपड्यांत शेकोटीपुढे बसवू नये. आधी ओलं सगळं काढा, अंग टिपा, कोरडे कपडे घाला, मग छाती आणि पाठ घोंगडीत गुंडाळा. माणूस शुद्धीत असेल आणि नीट गिळत असेल तर गोड गरम चहा द्या. थरथर थांबली पण बोलणं अडखळायला लागलं, तर चहासाठी थांबू नका, त्याला आडवं ठेवूनच दवाखान्यात न्या.

कोरडा जोड मोटारसायकलच्या डिकीत ठेवून उपयोग नाही, वाऱ्याने तुम्ही समोरच्या काठाला लागलात तर डिकी तीन किलोमीटर लांब राहते. पँट, जर्सी, माकडटोपी, पंचा आणि काडेपेटी पाणीबंद पिशवीत घालून कायाकलाच दोन ठिकाणी बांधा.

आणि पहिल्या फेरीआधी हा सगळा पोशाख काठावर तपासा. सोबत माणूस ठेवा, जॅकेटसकट छातीभर पाण्यात उतरा, एकदा डोकं बुडवा, दहा मिनिटं थांबा. बाहेर येऊन आणखी दहा मिनिटं वाऱ्यात उभे राहा, मग दोऱ्याला गळ बांधून बघा. गाठ बसली नाही, तर त्या पाण्याला तुमचे कपडे एका थराने कमी आहेत.