एक्स्पोर्टातून उरलेली

मावशीच्या दोन बॅगा, लिलो (म्हणजे ओल्या) चेवड्याचा खोका आणि भाकरवडीची पिशवी एवढे सामान माझ्या मारुती ए-स्टारमध्ये भरायचे होते, आणि पुण्याची गाडी सुटायला पाऊण तास उरला होता. ए-स्टारची डिकी १२९ लिटरची आहे. लिटर हे माप दुधाला ठीक. त्यात मावशीची बॅग किती बसते, हे परवा बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या गल्लीसमक्ष सिद्ध झाले. मागच्या आसनावर मावशी आणि सौभाग्यवती बसणार असल्यामुळे ते पाडण्याचीही सोय नव्हती.

समोरच्या ओट्यावर अण्णा होते. अण्णा सेवानिवृत्त झाल्यापासून गल्लीतल्या प्रत्येक कामावर देखरेख करतात.

“उभी घाल,” ते म्हणाले. मी बॅग उभी घातली. “आता आडवी.” मी आडवी घातली. “उभीच बरी होती. केवढीशी गाडी घेतलीस रे!”

इथे मी गप्प बसायला हवे होते. पण घामाघूम झालेल्या माणसाला अभिमान फार लवकर चढतो. मी म्हणालो, “अण्णा, २००८ साली आली, त्यानंतर ही युरोपातसुद्धा जात असे. मानेसरला तयार होऊन मुंद्र्याहून जहाजात चढायची. तिथे तिला सुझुकी आल्टो म्हणत, आणि निस्सान हीच गाडी पिक्सो नावाने विकत असे.”

अण्णांनी तपकिरीची चिमूट हवेतच थांबवली. “म्हणजे चांगल्या तिकडे गेल्या.”

“तसं नाही, अण्णा.”

“हापूसचं काय होतं? निवडक पेट्या तिकडे, डागी आपल्याकडे. ही उरलेली.”

“अहो, तिकडे स्टिअरिंग डावीकडे असतं. हिचं उजवीकडे आहे.”

“इंग्लंडात कुठे असतं?”

“उजवीकडे,” मी प्रामाणिकपणे सांगितले.

“मग ही इंग्लंडची उरलेली.”

एवढ्यावर न थांबता ते काठी टेकत खाली उतरले आणि डाग शोधायला गाडीभोवती फिरू लागले. डाव्या दारावर वीतभर ओरखडा सापडताच त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरले, ते पाहून मला बॅग तिथेच सोडून द्यावीशी वाटली. “हे बघ,” ते म्हणाले, “म्हणून परत पाठवली.” तो ओरखडा गेल्या दिवाळीत त्यांच्याच नातवाच्या सायकलने काढला होता. तेव्हा “लहान आहे तो” म्हणून मी हसून सोडून दिले होते. आज ते हसू व्याजासकट परत मागावेसे वाटते.

साडेतीन मीटरची माझी गाडी भिंतीला चिकटून, कोणाची वाट न अडवता उभी असते. कोपऱ्यावरचे शेठ भलीमोठी जीप गल्लीत आडवी लावतात, तेव्हा दूधवाल्यापासून शववाहिनीपर्यंत सगळे खोळंबतात. पण त्यांना कोणी उरलेले म्हणत नाही. उलट अण्णा स्वतः ओट्यावरून उतरून “येऊ द्या, येऊ द्या” करीत त्यांना जागा दाखवतात.

शेवटी एक बॅग डिकीत कोंबली, दुसरी माझ्या शेजारच्या आसनावर बसवली आणि खोका मावशीच्या मांडीवर आला. अण्णांनी खिडकीत वाकून तिला बजावले, “पुढच्या वेळी रिक्षा सांग हो.” गाडी मिळाली. मात्र मावशीने स्टेशनपर्यंत माझ्याशी एक अक्षरही काढले नाही.

आज सकाळी दूधवाल्याने पातेल्यात दूध ओतता ओतता अदबीने विचारले, “साहेब, ती इंग्लंडहून परत आलेली गाडी विकायची आहे का?”